मेहताबची उजवी बाजू

घोडी बघायला म्हणून कुणी हिंगोली जिल्ह्यात जात नाही. लोक औंढ्याला देवाला जातात, हळदीच्या सौद्याला जातात, बदली झाली तर कपाळावर हात मारून जातात. मी घोडीसाठी गेले, तेही डावा गुडघा बदलून वर्ष होत आलेलं असताना आणि डॉक्टरांना न सांगता. परत आल्यापासून ओळखीचे विचारतात, काय काय पाहिलंत? मी औंढ्याच्या देवळाचे फोटो दाखवते आणि विषय बदलते. फोटोत नाही ते इथे लिहून टाकते.

पुण्याजवळच्या एका निवासी शाळेत मी मुलींना घोडेस्वारी शिकवत असे. मी निवृत्त झाले आणि पाठोपाठ घोडेही निवृत्त झाले. तबेल्याच्या जागी आता पोहण्याचा तलाव आहे. बसायला घोडा उरला नाही तेव्हा मी घोड्यांविषयी वाचायला लागले. वाचता वाचता निजामाच्या काळातल्या एका दिवाणापाशी येऊन थांबले. त्यांनी रस्ते केले, महसुलाची घडी बसवली, न्यायाची व्यवस्था लावली, ह्या सगळ्याची पानंच्या पानं होती. आणि कुठेतरी एकच ओळ, की दिवाणसाहेबांना घोड्यांचा भारी शौक होता, दौऱ्यावर ते पालखी नाकारून घोड्यावरूनच फिरत. ज्यांच्या पाठीवर बसून माणसाने अर्धा मुलूख पाहिला त्या घोड्यांच्या वाट्याला एक ओळ. मला राग आला.

हा राग मी शेजारच्या सुजातापाशी काढला. सुजाता नर्स आहे, मूळची कळमनुरीची. माझा गुडघा तिनेच चालता केला. पाय चेपता चेपता ती शांतपणे म्हणाली, "दिवाणसाहेबाची घोडी का? आहे की आमच्या गल्लीत. आमच्या प्रकाशदादाचं लगन तिच्यावरच तर झालं."

मग काय, निघालेच.

कळमनुरी

नांदेडहून बसने निघाले. वाटेतलं सांगण्यासारखं एवढंच, की कुठे ज्वारी दिसली नाही. फेब्रुवारी संपत आला होता आणि माझ्या डोक्यातल्या मराठवाड्यात ह्या दिवसांत कणसं डुलत असतात. इथे शेताशेतांत काढलेली हळद होती, ती शिजवायच्या टाक्या होत्या, वाफ होती आणि मातकट, उग्र, नाकातून न जाणारा वास होता. तेव्हा मला ते फक्त बघायला छान वाटलं. ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही, आणि कडबा नाही तर घोडं पोसायचं कशावर, हा हिशोब माझ्या डोक्यात आला नाही.

स्टँडवर सुजाताचा भाऊ प्रकाश घ्यायला आला होता. तो एसटीत कंडक्टर आहे. माझ्यासाठी रजा टाकून आला होता. त्याच्या मागून गल्लीत शिरताना मी घोडीच्या विचारात एकाच्या अंगणात वाळत घातलेल्या हळदीत सरळ पाय घातला, काठीसकट बसले, आणि पांढऱ्या सलवारीचं जे व्हायचं ते झालं. प्रकाशची बायको रेखा दारातून बघत होती. "आल्याआल्या हळद लावून घेतली की मॅडमनं," ती म्हणाली आणि हात धरून मला घरात नेलं. पुढचे सगळे दिवस मी तिच्या साडीत वावरले.

पुण्यात पाहुण्याला कुणी तोंडावर विचारत नाही, की बाई, आलात कशाला? मनात तेच असतं, पण विचारत नाहीत. कळमनुरीत पहिल्या तासाभरात गल्लीतल्या प्रत्येकाने विचारलं, "काहून आल्या?" मी म्हणायची, घोडी बघायला. कुणी हसलं नाही. "मेहताबला व्हय? बघा की," म्हणून आपापल्या कामाला गेले. आमच्या सोसायटीत हे उत्तर दिलं असतं तर लोकांनी सुजाताला बोलावून घेतलं असतं.

ज्वारीचे धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी पोटात गेल्यावर आम्ही गल्लीच्या टोकाला गेलो. लिंबाचं झाड, पत्र्याची शेड, पुढे सारवलेलं अंगण. बाजेवर महेमूदचाचा बसले होते. मेंदी लावलेली दाढी, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, आणि हाताला सतत बारीक कंप. त्यांच्या मागे ती उभी होती.

तिचं वर्णन करायचं म्हणजे मला आवरतं घ्यायला हवं. कुमैत रंगाची, म्हणजे चिंचोक्यासारखी लालसर काळी, आयाळ आणि पाय पार काळे. उंची बेताची, हाड भरीव. आपल्या दख्खनच्या घोड्यांची असते तशी दिसायला साधी, पण उभी अशी, की सगळं अंगण तिचं आहे. शाळेत माझ्याकडे हिच्यापेक्षा उंच, देखणे घोडे होते. उभं राहायला त्यांच्यातल्या एकालाही जमत नव्हतं.

"नाव बदलत न्हाई आमच्या घरात," चाचा म्हणाले. "दिवाणसाहेबाची होती ती मेहताब. तिची लेक मेहताब, तिची लेक मेहताब. माझ्या पणज्यापासून."

पणजोबा दिवाणसाहेबांचे चाबुकस्वार, म्हणजे घोडे शिकवून तयार करणारे. दिवाणसाहेब हिंगोलीच्या छावणीत दौऱ्यावर आले की चाबुकस्वार बरोबर असायचेच. दरबारात मिरवायला एक घोडा, ओढ्यानाल्यांच्या वाटेला दुसरा, सकाळच्या हवेला तिसरा, पण लांबच्या दौऱ्याला मेहताबच. दिवाणसाहेब गेल्यावर घोड्यांची वाटणी झाली. जहागीरदारांनी मोठे मोठे घोडे नेले. मेहताब कुणी नेली नाही.

"काहून?" मी विचारलं. मला पण लागण झाली होती.

"ऐबदार म्हणून. खोड होती म्हणायचे लोकं. मग पणज्याला देऊन टाकली."

"कसली खोड?"

"आता सांगून काय," चाचा म्हणाले आणि चहा आला.

चहाबरोबर दुसरी गोष्टही कळली. मेहताब विकायची होती. चाचांचा मुलगा सलीम वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवतो. दिवसभर तो तिकडे. चाचांना दिसत नाही, हात थरथरतो, खरारा धरवत नाही. कडबा हल्ली यवतमाळकडून मागवावा लागतो. लग्नात घोडी लावायची तर पुढे डीजे असतो, त्या दणक्याला मेहताब घाबरी होते. मागच्या हंगामात सलीमने वरातीतून तिला मधूनच परत आणली. आणि दोनदा घोडा दाखवूनही ती गाभण राहिली नव्हती. तिच्या मागे लेक नव्हती.

घेणारे दोघं होते. एक नांदेडकडचा माणूस, शहराबाहेर लहान मुलांना घोडेस्वारी शिकवणारा. तो एकदा येऊन गेला होता, घोडी त्याला पसंत होती, पण त्याने रिकिबीत पाय घालायला घेतला की ती वळायची, बसूच देईना. "शुक्रवारी पुन्हा येतो, तोवर हिची खोड काढा, नाहीतर राहू द्या, माझ्याकडे लेकरं आहेत," असं सांगून तो गेला होता. दुसरा वीटभट्टीवाला. त्याची काहीच अट नव्हती.

मी उठून मेहताबजवळ गेले. खोगीर जुनं होतं, तेल पाजून पाजून काळं झालेलं. उजव्या रिकिबीचा पट्टा डाव्यापेक्षा ताणून लांब झालेला दिसला. दिसला आणि मी विसरले, कारण तिच्या मानेचा वास आला होता. घोड्याचा वास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगायला नको.

"चाचा, मी बसू का जरा?"

प्रकाश काहीतरी बोलणार होता. चाचांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो गप्प झाला. "बसा की," ते म्हणाले.

जगभर घोड्यावर डावीकडून चढतात. मी हजारदा मुलींवर ओरडले असेन, डावी बाजू, डावा पाय. पण डावा गुडघा आता माझा राहिलेला नाही. रिकिबीपर्यंत तो वाकत नाही. मी काही विचारसुद्धा केला नाही. घोडीला वळसा घालून उजवीकडे गेले, तिथल्या दगडावर उभी राहिले, उजवा पाय रिकिबीत घातला आणि डावा पाय तसाच ताठ मागून फिरवून पलीकडे टाकला. मेहताब हलली नाही. कान एकदा मागे, एकदा पुढे, बस्स.

किती दिवसांनी मी जमिनीपासून वर होते. मला रडायला येत होतं म्हणून मी समोर लिंबाकडे बघत राहिले. खाली पाहिलं तर चाचा बाजेवरून उठून जमिनीवर बसले होते.

"तू सांगितलं का रे?" त्यांनी प्रकाशला विचारलं.

"न्हाई चाचा. आईची शपथ."

मग चाचांनी मला खोड सांगितली. दिवाणसाहेब तरुणपणी घोड्यावरून पडले तेव्हापासून त्यांचा डावा गुडघा वाकत नसे. पालखीतून फिरा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. पणजोबांनी मेहताबला शिकवलं, की स्वार उजवीकडून येईल. डावीकडून जो येईल तो आपला नव्हे, त्याला पाठ द्यायची नाही, वळायचं. दिवाणसाहेब गेले. पणजोबा शिकवत राहिले. त्यांच्या मुलाने शिकवलं, नातवाने शिकवलं, चाचांनी शिकवलं. घरातली प्रत्येक शिंगी, म्हणजे तरणी घोडी, उजवीकडून शिकलेली. आणि रीत अशी पडली, की शिंगरू नर असलं तर विकायचं, मादी मात्र द्यायची ती न सांगता उजवीकडून येईल त्यालाच. त्याला फुकट द्यायची.

"आजवर कुणी आलं?" मी वरूनच विचारलं.

"न्हाई. सगळे डावीकडून. तुमीच पहिल्या." चाचांनी हात जोडले. "घोडी तुमची, बाई. घेऊन जा."

औंढा नागनाथ

मला विचार करायला एक दिवस हवा होता. प्रकाश म्हणाला, औंढ्याला जाऊन येऊ, विचार करायला देऊळ बरं असतं. तो स्वतः देवळात जात नाही; त्याच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे आणि सकाळी वंदना होते. पण औंढ्याचं देऊळ बाहेरून त्याला फार आवडतं.

देवळाच्या भिंतींवर खालपासून दगडात कोरलेले हत्ती आहेत, स्वार आहेत. मी स्वार शोधत हिंडले. त्यांतला एकही कुठल्या बाजूने चढलाय ते काही कळलं नाही. गाभारा खाली, जमिनीच्या पोटात. तिथे उतरायला गुडघा नाही म्हणाला. पायरीवर बसले तर प्रकाश चहाचे कप घेऊन आला.

"ह्या देवळाचं ऐकलंय ना तुमी? संताला म्हणाले, पुढं बसून कीर्तन करायचं न्हाई, मागं जा. ते बिचारं मागं जाऊन बसलं, तर देऊळच फिरलं त्याच्याकडं. म्हणून नंदी मागं ऱ्हायला." त्याने कप माझ्या हातात दिला. "देव-बिव आमी मानत न्हाई मॅडम. पण ज्याला मागं बसवलं त्याच्याकडं तोंड फिरवलं, एवढं मला पटतं."

मग त्याने मेहताबचं सांगितलं. प्रकाशच्या आज्याचं लग्न होतं, तेव्हा त्यांच्या वस्तीतला नवरदेव घोड्यावर बसून गावातून निघणं ही धाडसाची गोष्ट होती. घोडंवाले यायचेच नाहीत. चाचांचे वडील मेहताबला घेऊन स्वतः आले. कुणीतरी वाटेत अडवलं, तर म्हणाले, "मेहताबला जात कळत न्हाई. बाजू कळते. बाजूला व्हा." तेव्हापासून त्या गल्लीतला प्रत्येक नवरदेव उजवीकडूनच चढतो. गल्लीला गुपित माहीत, आणि आजवर गल्लीने ते एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही. आता कार आली, तरी नवरदेवाला मागच्या उजव्या दारानेच बसवतात. डावं दार उघडलं की म्हाताऱ्या ओरडतात.

"म्हणजे चाचांनी तुमच्यापैकी कुणाला..."

"आमाला माहीत होतं ना. माहीत असून आलेलं चालत न्हाई." तो कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "चाललं असतं तर मीच नेली असती. माझ्याकडं बांधायला जागा न्हाई ती गोष्ट वेगळी."

मी देवळाच्या आवारात बसून फोन केले. शाळेतल्या बाई तलावाविषयी भरभरून बोलल्या. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, मुळशीकडे तिची शेती आहे. ती म्हणाली, "आणा ना मॅडम, मज्जा येईल, मुलं खेळतील." पावसाळ्यात तिकडे चार महिने चिखल असतो, कोरड्या हवेतल्या घोडीचे खूर सडतील, आणि बघायला कोण? तिथे जाऊन मी राहिले असते तर झालं असतं. हा विचार मनात आला होता, हे मी लपवत नाही. घर भाड्याने द्यायचं, मुळशीला एक खोली बांधायची, माणूस ठेवायचा. मग गुडघ्याचा विचार आला, दवाखान्याचा आला, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या उन्हाच्या बाल्कनीचा आला. करायचं असतं तर झालं असतं. मी केलं नाही.

येताना प्रकाशने काही विचारलं नाही. कंडक्टरला माणसाच्या तोंडावरून कळतं, की हा पुढच्या स्टॉपला उतरणार.

पुन्हा कळमनुरी

चाचांना सांगताना मी खूप बोलले. पेन्शन, सोसायटी, डॉक्टर, पाऊस. ते शेवटपर्यंत ऐकत होते. दिवाणसाहेबांचं नाव घेऊन ते चिडतील, निदान आग्रह धरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आतून खिचडी आणि चिंचेचा खट्टा मागवला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि मी दोन घास खाईपर्यंत थांबले.

"बराबर आहे तुमचं," ते म्हणाले. "घोडं म्हणजे तकलीफ."

मी ताट बाजूला ठेवलं.

"मी बसल्या बसल्या हेच मोजतो बाई," चाचा म्हणाले. "माझ्या बापाच्या वक्ताला परभणीचा एक डॉक्टर आला होता, लई जीव होता घोड्यावर. डावीकडून आला. दिली न्हाई. एक फौजदार आला होता, दिली न्हाई. दिल्या असत्या तर आज चार गावांत मेहताबी असत्या. आमी लई इमान राखलं. इमान राखता राखता ही एकटी ऱ्हायली."

त्या घराने जे केलं ते वेडेपणाचं होतं, आणि मी आयुष्यात पाहिलेल्या चांगल्या गोष्टींपैकी एकही त्याच्या जवळपास जात नव्हती. दोन्ही खरं होतं.

"तुमी शिकवायच्या ना पोरींना? मग एक करा. हिला डावी बाजू शिकवा. शुक्रवारी तो येईल. भट्टीवर नको जायला." त्यांनी आपले दोन्ही हात पुढे करून पाहिले. "मी करतो म्हणलं परवा. लगाम धरला डावीकडून. हात उचलंना."

नाही कसं म्हणणार? न्यायला नाही म्हणून झालं होतं.

घोड्याची खोड मारून मोडता येते, पण तशी मोडलेली खोड भीती होऊन राहते. मी दुसऱ्या वाटेने गेले. सलीमने दुकान बंद ठेवलं. अबोल, अंगाने दणकट, हातांच्या रेषांत टायरचं काळं बसलेलं. आम्ही मेहताबला घराच्या भिंतीला उजवी कूस लावून उभी केली. आता उजवीकडे कुणाला यायला जागाच नाही आणि तिला वळायलाही नाही. डाव्या बाजूने मी हात फिरवत राहिले, मानेवरून पाठीवर, पाठीवरून पोटावर. उभी राहिली की गुळाचा खडा. मग डाव्या रिकिबीला वाळूची पिशवी टांगली. तिने मान वळवून पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या शांतपणे पाहिलं की मी नजर दुसरीकडे नेली. गुळाचा खडा.

माझा गुडघा डावीकडून चढूच शकत नव्हता, म्हणून चढायला प्रकाश. पहिल्यांदा त्याने डावा पाय रिकिबीत घातला तेव्हा तोच थांबला. "मॅडम, आयुष्यात इकडून चढलो न्हाई हिच्यावर," तो म्हणाला. सलीमने त्याला खालून आधार दिला. तो चढला. मेहताब थरथरली, भिंतीला अंग घासलं आणि उभी राहिली.

चाचा आत होते, दाराकडे पाठ करून. पण ऐकत होते. खूर वाजला की त्यांचा आवाज यायचा, "वळली का?" सलीम म्हणायचा, "न्हाई अब्बा."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला भिंतीपासून हात-दोन हात दूर आणली. ती वळली. मी रागावले नाही, तिच्याबरोबर वळून पुन्हा डावीकडे जाऊन उभी राहिले. पुन्हा वळली, पुन्हा मी. अंगणात आमची ही भिंगरी चालू असताना रेखा बघायला आली आणि म्हणाली, "दोघींनाबी चक्कर येईल." दुपारपर्यंत ती कंटाळली म्हणा, समजली म्हणा, थांबली. गूळ. तिसऱ्या दिवशी मोकळ्या अंगणात प्रकाश डावीकडून आला तेव्हा ती आपण होऊन एक पाऊल सरकली आणि डावी कूस त्याच्यापुढे केली. मी इतक्या घोड्यांना शिकवलं, पण इतक्या लवकर कुणी शिकलं नव्हतं. पणजोबांपासून जे उतरत आलं होतं ते पुसायला तीन दिवस आणि शेरभर गूळ लागला.

आतून आवाज आला, "वळली का?"

ह्या वेळी सलीमने उत्तर दिलं नाही.

वारंगा फाटा

शुक्रवारी नांदेडचा माणूस पिकअप घेऊन आला. वाईट माणूस नव्हता. आल्याबरोबर त्याने मेहताबच्या नाकापाशी तळहात नेला आणि तिला हुंगू दिलं; असं करणारा माणूस घोड्याला मारत नाही. डावीकडून चढला, अंगणात फेरी मारली, उतरला. "कमाल झाली चाचा. मला वाटलं होतं ही सुधारायची नाही."

"ह्या मॅडमनं शिकवलं," चाचा म्हणाले.

"हिचं नाव काय?"

"नाव लेकरांना ठेवू द्या," चाचा म्हणाले. "त्यांना जे आवडंल ते." मेहताब हे नाव त्यांनी घरातच ठेवलं. खोगीरही दिलं नाही. गाडी निघाली तेव्हा ते उठले नाहीत. अर्धवट खाल्लेला कडबा बाजेवर बसल्या बसल्या काठीने गोळा करत राहिले. मी पाया पडायला वाकले तर गुडघा वाकेना. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तकलीफ घेतली तुमी," म्हणाले. त्या शब्दांत खोच नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

मलाही नांदेडला जायचं होतं. सलीम दुकानाकडे निघाला होता, त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मी वारंगा फाट्यापर्यंत आले. फाट्यावर उसाचा रस, भजी, ट्रकांची रांग, चारी दिशांच्या बसची वाट बघणारी माणसं. सलीमच्या दुकानासमोर पिकअप उभी होती. टायर बसला होता, आणि जॅक लावायचा म्हणून घोडी खाली उतरवून लिंबाला बांधली होती. तो माणूस तिला बादलीने पाणी पाजत होता.

"बघा मॅडम, तुमाला भेटायला थांबली," तो हसून म्हणाला. सलीम चाक काढायला बसला.

माझी बस यायला वेळ होता. मी काठी दुकानाच्या खांबाला टेकवली आणि मेहताबकडे गेले. मला एवढंच हवं होतं, की जाण्याआधी एकदा तिच्या उजव्या बाजूला उभं राहावं. बसायचं नव्हतं. पहिल्या दिवशी उभी राहिले होते तिथे, खांद्यापाशी, हात ठेवून. एकदाच.

मी उजवीकडून गेले. तिने पाण्यातून तोंड वर काढलं, मला ओळखलं, कान पुढे केले. मग एक पाऊल मागे सरली, दोर जेवढा होता तेवढ्यात अंग फिरवलं आणि डावी कूस माझ्यापुढे करून उभी राहिली. अगदी शिकवलं होतं तसं. मान वळवून माझ्या हाताकडे बघायला लागली.

"वा," तो माणूस म्हणाला. "काय शिकवलंय तुमी."

सलीम पाना हातात धरून बघत होता. आमची नजरानजर झाली. "अब्बाला सांगणार न्हाई मी," तो म्हणाला आणि पुन्हा चाकावर वाकला.

मेहताब अजून तशीच उभी होती, वाट बघत. तिचं काही चुकलं नव्हतं. मी पर्समध्ये हात घातला, कागदाच्या पुडीत गुळाचा एक खडा राहिला होता, तो काढला आणि डावीकडून तिला दिला.